दोन दिवसांची रजा

आम्हां पाचजणींना या मे महिन्याच्या अखेरीस दोन दिवस माथेरानला जायचे आहे. नवस फेडायचा नाही, कुणाच्या लग्नाला जायचे नाही, इस्पितळात कुणाला पाहायचे नाही, कुठल्या मंडळाचे शिबिरही नाही. केवळ जायचे आहे. आमच्या गावात या 'केवळ' शब्दाला उत्तर द्यावे लागते आणि गेले दहा महिने आम्ही ते देत आलो आहोत.

आम्ही सगळ्या वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या, एकाच धर्मग्रामातल्या. थोरली निवृत्त शिक्षिका, दुसरी बँकेत, तिसरी परिचारिका, चौथीची फुलांची वाडी. मोगऱ्याच्या आणि चाफ्याच्या टोपल्या घेऊन ती पहाटेच्या लोकलने दादर गाठते. पाचवी घरीच असते. तिच्याविषयी पुढे लिहायचे आहे.

आमच्या पिढीतल्या बायका घराबाहेर पडल्याच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाऊलीला जाणे कधी चुकले नाही. वेलंकनीला आम्ही जाऊन आलो आहोत. २०२४ च्या नोव्हेंबरात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन खुले झाले, तेव्हा आमच्यातल्या तिघी धर्मग्रामाच्या बसने तिथेही गेल्या. या यात्रांनी मनाला जे दिले त्याचे मोल आम्ही जाणतो. परंतु बसमध्ये मांडीवर नातवंड, पायांशी डब्यांची पिशवी आणि मुक्कामाच्या ठिकाणी पहिला प्रश्न चुलीचा, हे चित्र कुठेच बदलले नाही. घर आमच्याबरोबरच प्रवास करीत राहिले.

म्हणून गेल्या पावसाळ्यात दरमहा प्रत्येकी तीनशे रुपये बाजूला टाकायचे ठरले. दहा महिन्यांत पंधरा हजार जमले. हिशेब बँकेतलीकडे आहे आणि तो पैशाला पैसा जुळतो. पैशाची अडचण अशी कधी आलीच नाही. अडचण आली ती तारखेची.

चर्चची दिनदर्शिका स्वयंपाकघराच्या भिंतीवर असते, आणि वसईच्या बाईचा उन्हाळा त्या दिनदर्शिकेत मोकळा कधी सापडत नाही. प्रायश्चित्तकाळात मौजेसाठी बाहेर पडावे, हे आमच्यापैकी एकीच्याही मनाला पटले नाही. तेव्हा ते चाळीस दिवस गेले. पवित्र आठवडा गेला. त्या काळात थांबून राहिलेली सारी लग्ने ईस्टर उलटताच सुरू होतात. एका रविवारी तीन-तीन आमंत्रणे येतात, आणि आमच्याकडे लग्नाला जाणे म्हणजे जेवून परतणे नव्हे. आदल्या दिवशी सोलणे, चिरणे, फुगे तळणे यांत हात लावला नाही, तर पुढची दहा वर्षे ते आठवणीत ठेवले जाते.

लग्नांच्या जोडीला वर्षाचा मसाला. हे काम ज्यांनी केले नाही त्यांना त्याचा व्याप सांगूनही कळायचा नाही. मिरच्या आणायच्या, देठ खुडायचे, गच्चीवर तीन-चार उन्हे द्यायची. धणे, हळकुंडे, खसखस, तीळ, दालचिनी एकेक वेगळे भाजायचे, कारण प्रत्येकाची आच निराळी. मग गिरणीवर नंबर लावून बसायचे आणि घरी आणून बाटल्यांतून ठासून भरायचे. आठवडाभर हाताची आग जात नाही. त्यातून डोके वर काढावे तो सुके बोंबील आणि सुकट पावसाळ्यासाठी भरून ठेवण्याची वेळ येते, कैऱ्या लोणच्यासाठी हाका मारू लागतात. मे उजाडला की पवित्र मरियेचा महिना, संध्याकाळची जपमाळ. कुणाच्या नातवाचा प्रथम ख्रिस्तप्रसाद, कुणाची नणंद मुलांसह माहेरपणाला. थोरलीने वहीत एकेक शनिवार-रविवार लिहून त्यावर काट मारली. शेवटी मेचा अखेरचा शनिवार आणि त्याला लागून आलेला रविवार तेवढा उरला. पुढे जून आणि पाऊस.

उन्हाळा ही विसाव्याची ऋतू, असे वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत दरवर्षी छापून येते. ते लिहिणाऱ्यांच्या घरी मसाला कोण करते, ते एकदा विचारायला हवे.

ठिकाण ठरवायला मात्र फार वेळ लागला नाही. समुद्र आम्हांला रोज दिसतो. त्यासाठी पैसे मोजून दुसऱ्या गावी जाण्यात अर्थ नव्हता. महाबळेश्वर दूर, दोन दिवसांतला दीड दिवस रस्त्यावरच जायचा. माथेरान जवळ, आणि तिथे मोटार शिरत नाही, ही गोष्ट आम्हां सगळ्यांना एकदम आवडली. वसई रोड स्थानकाबाहेर रिक्षांच्या गर्दीत रोज जीव मुठीत धरणाऱ्याला मोटार नसलेले गाव ही कल्पनाच सुखाची वाटते.

ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली त्या डोंगरावर चढले आणि तिथून माथेरानचे थंड हवेचे ठिकाण झाले. सुमारे आठशे मीटर उंचीचा तो डोंगर, वर दाट झाडी, पायाखाली तांबडी माती. पीरभॉय घराण्याने बांधलेली नेरळ-माथेरानची लहान रेल्वे १९०७ साली सुरू झाली. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने या परिसराला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केले. मे महिन्यातली दुपार तिथेही तापते, याची आम्हांला कल्पना आहे. पण झाडांखालची सावली आणि संध्याकाळचा वारा यांवर आमची भिस्त आहे. घाम न पुसता एक कप चहा पिता आला, तरी आमचे पैसे वसूल झाले.

प्रवासाची सूत्रे फुलांच्या वाडीवालीने हाती घेतली. पहाटेची लोकल, दादरला उतरणे, पूल ओलांडून मध्य रेल्वेवर कर्जतची गाडी आणि नेरळ. डिसेंबर २०२३ पासून दादरच्या फलाटांना सलग क्रमांक दिले आहेत. बँकेतली त्यात गोंधळली, तर वाडीवालीने चौदाही फलाट बोटांवर मोजून दाखवले. डोक्यावर टोपली घेऊन जी गर्दीतून वाट काढते तिला पाच बायकांची काळजी ती काय!

नेरळहून छोट्या गाडीने जायचे, हा थोरलीचा हट्ट. दोन फुटी रुळांवरून ती गाडी सुमारे वीस किलोमीटरसाठी अडीच तासांहून अधिक वेळ घेते. २०१९ च्या पावसात मार्ग वाहून गेल्याने ती बंद पडली होती, ती ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा नेरळहून धावू लागली. वाटेतल्या एकुलत्या एका बोगद्याला 'वन किस' असे नाव आहे. थोरलीने शिक्षिकेच्या गंभीरपणाने ही माहिती दिली, तेव्हा आम्ही पन्नाशी ओलांडलेल्या बायका इतक्या हसलो की शेजारच्या खोलीतून तिचे यजमान चौकशीला आले. गाडीत जागा मिळाली नाही, तर नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जायचे. तिथे वाहने थांबतात. तिथून बाजारपेठ सुमारे अडीच-तीन किलोमीटर आहे. परिचारिकेचे गुडघे दुखरे, म्हणून माणसाने ओढायच्या रिक्षेचा विषय निघाला होता. तिनेच तो मोडून काढला. आपल्या वयाचा माणूस धापा टाकीत चढ चढतो आहे आणि आपण मागे बसून झाडे पाहतो आहोत, हे तिला मान्य नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या रिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, त्याच्या आधीच तिने हा निकाल दिला होता. डिसेंबर २०२२ पासून तिथे ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. नाहीतर झुकझुक गाडीचाच अमन लॉज ते माथेरान हा छोटा टप्पा आहे. तोही न जमल्यास तिने हळूहळू चालावे आणि बाकीच्यांनी तिच्या पावलाने चालावे, असे ठरले.

खोलीसाठी दूरध्वनी केला, तेव्हा पलीकडच्या गृहस्थांनी विचारले, "पाच लेडीज? बरोबर जेन्ट्स कोण आहेत?" बँकेतली म्हणाली, "बरोबर आधारकार्डे आहेत." पुढचे बोलणे सरळ दरांवर आले.

आता पाचवीविषयी. तिच्या सासूबाईंना सात वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेल्यासारखीच. डाव्या हाताने त्या जे सांगतात ते फक्त पाचवीला समजते. या सात वर्षांत पाचवी घराबाहेर राहिली ती फक्त इस्पितळात, सासूबाईंच्याच उशाशी. रविवारी सकाळच्या मिस्साला येते, शेवटच्या आशीर्वादाबरोबर घरी धावते. वर्गणी मात्र दर महिन्याच्या एक तारखेला सर्वांत आधी तिची यायची. तिसऱ्या महिन्यात ती म्हणाली, "माझे पैसे धरा, मला धरू नका."

या वाक्याने आमची योजना मोडण्याच्या बेतात आली. चौघींनी जावे आणि तिच्यासाठी काही आणावे, असा एक विचार होता आणि तो अगदीच टाकाऊ होता असे नाही. थोरलीने मात्र पेन्सिल खाली ठेवली. जिला रजेची सर्वाधिक गरज आहे तिलाच वगळून आपण कसली रजा घेणार, असे तिचे म्हणणे. दोन दिवसांसाठी पगारी बाई ठेवून पाहिली. सासूबाईंनी तिला खाटेजवळ येऊ दिले नाही. तेव्हा परिचारिकेने साधा प्रश्न विचारला: "त्या आई कुणाच्या?"

त्यांना मुलगा आहे, तो पाचवीचा नवरा. मुलगी आहे, शेजारच्या गावात दिलेली. दोघेही वाईट नाहीत. सुनेने कधी मागितले नाही आणि त्यांच्या हाताला कधी सवय लागली नाही, एवढेच. परिचारिकेने दोघांना समोर बसवले. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, पाठीला आणि टाचांना जखम होऊ नये म्हणून काय पाहायचे, भरवताना पाठीला टेकू देऊन ताठ का बसवायचे, घास गिळल्याची खात्री झाल्याशिवाय पुढचा का द्यायचा नाही, हे सगळे तिने आपल्या वॉर्डात शिकाऊ मुलींना शिकवावे तसे शिकवले. मुलीने अंघोळ आणि कपडे बदलणे पत्करले, मुलाने कूस आणि जेवण. सहलीआधी चार रविवार सराव करायचा. त्या वेळात पाचवीने घरात थांबायचे नाही, ही परिचारिकेची अट.

पहिल्या रविवारी मुलाने कूस बदलायला हात लावला आणि म्हातारीने डाव्या हाताने चादर तोंडावर ओढून घेतली. आपल्या देहाची ही दशा मुलाने पाहावी, याची ती लाज होती. तो माणूस बाहेर ओटीवर येऊन बसला आणि बराच वेळ काही बोलला नाही. दुसऱ्या रविवारी त्यांनी मुलाच्या हातचा घास घेतला नाही. ओठ मिटून राहिल्या. पाचवी थोरलीच्या घरी चहाचा कप हातात धरून बसली होती, तो गार झाला. तिसऱ्या रविवारी अर्धी वाटी पेज गेली. नणंदेने केस विंचरले, तेव्हा सासूबाई झोपी गेल्या, असे कळले.

गावात बोलणारे बोललेच. खाटेवरचे माणूस टाकून डोंगरावर हवा खायला जाणार, असे पाचवीच्या कानावर आले. तिला ते लागले. थोरलीने तिला एवढेच विचारले की, ३१ मे रोजी आपण कोणता सण पाळतो? पवित्र मरिया डोंगराळ प्रदेशात एलिझाबेथकडे गेली आणि सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहिली, हे लूकच्या शुभवर्तमानात आपण वर्षानुवर्षे ऐकतो. त्या तीन महिन्यांत नाझरेथच्या घरी पाणी कुणी भरले, हे शुभवर्तमानकाराने लिहिलेले नाही. वाडीवालीचे मत, मरिया सेवेसाठी गेली होती, आपण चिक्की खायला जातो आहोत. तुलना जपून करावी. वाद अजून मिटलेला नाही. रविवारचा मिस्सा चुकू नये म्हणून दुपारपर्यंत खाली उतरायचे आणि संध्याकाळी गावच्या चर्चमध्ये पोहोचायचे, यावर मात्र दोघींचे एकमत आहे.

खोल्या पाचजणींच्या नावाने घेतल्या आहेत. पाचवी अजून 'हो' म्हणालेली नाही. 'नाही' म्हणायचे तिने थांबवले आहे. चौथा रविवार येत्या आठवड्यात येतो. त्या दिवशी सकाळपासून दुपारी चारपर्यंत तिने आमच्याबरोबर बाहेर राहायचे आहे. कुठे जायचे ते परिचारिकेने सुचवले: बाजारात, चपला घ्यायला. पाचवीकडे दूरवर चालण्याजोगा जोड नाही. सात वर्षे तिने घरातल्या सपातांवरच काढली आहेत.