शिरपामाळ आणि जिझिया

कसाऱ्याहून विहीगावमार्गे खोडाळ्याकडे वळलं की दोन्ही अंगांना नागली-वरईची शेतं सुरू होतात. पाऊस नुकताच उघडलेला. मोखाड्याच्या अलीकडे एका चढावर गाडी थांबवून नागलीचं कणीस हातात घेतलं. मिटलेल्या मुठीसारखी आत वळलेली बोटं, दाणा मोहरीएवढा. एवढ्याशा दाण्यावर इथल्या घरांचं वर्ष निघतं.

ही वाट पुढे जव्हारला जाते. जव्हारचं राज्य महादेव कोळ्यांचं, मुकणे घराण्याचं होतं. मूळपुरुष जयबा मुकणे पिंपरीच्या देवस्थानात गेला असता पाच बैराग्यांनी त्याला जव्हारचा राजा म्हणून हाक दिली, अशी कथा आहे. त्याच्या मुलाला, नेमशहाला, 1343 मध्ये दिल्लीच्या सुलतानाने मान्यता दिली. तेव्हापासून राजांच्या नावात ‘शहा’ आलं.

शिरपामाळ जव्हारला लागूनच. सुरतेवर निघालेले शिवाजी महाराज 1663 च्या अखेरीस इथे थांबले, जव्हारच्या विक्रमशहाने त्यांचं स्वागत केलं. पुढे हा स्नेह टिकला नाही. 1672 मध्ये महाराजांच्या मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतलं, हेही सांगायलाच हवं.

माळावर उभं राहिल्यावर मला मात्र सुरतेपेक्षा एक पत्र आठवत राहिलं. अकबराने 1564 मध्ये उठवलेला जिझिया, म्हणजे बिगरमुस्लिमांवरचा कर, औरंगजेबाने 1679 मध्ये पुन्हा बसवला. सर्वांत गरीब वर्गालाही वर्षाला 12 दिरहम, म्हणजे तीन रुपयांहून जास्त. दिल्लीत लोक गाऱ्हाणं घेऊन बादशहाच्या मशिदीच्या वाटेवर जमले, तेव्हा त्यांच्यावर हत्ती घातले गेले, असं इतिहासकार खाफीखान लिहितो. महाराजांच्या नावाने बादशहाला गेलेलं फारसी पत्र निळो प्रभू मुनशींच्या हातचं मानतात. देव सगळ्यांचा एकच, हे त्यात आहे, आणि आधी मेवाडच्या राणा राजसिंहाकडून वसूल करून दाखवा, हे आव्हानही. पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यातला जोगी, संन्यासी, बैरागी आणि दुष्काळाने पिचलेल्यांचा कैवार. बादशहा भिकाऱ्याच्या कटोऱ्यावर डोळा ठेवतो, ही खरी चीड आहे. बैराग्यांच्या शब्दावर गादी उभी राहिली असं मानणाऱ्या या मुलखात ती चीड लगेच उमगते.

जिझिया उठला 1719 मध्ये. त्याच वर्षी बादशहा फर्रुखसियर पदच्युत झाला आणि दरबारातल्या सय्यद बंधूंनी नवा बादशहा बसवला, तेव्हा पेशवे बाळाजी विश्वनाथ मराठी फौजेसह दिल्लीतच होते. शिरपामाळावर सुरतेच्या मोहिमेइतकाच त्या पत्राचाही मराठी मजकूर लागायला हवा, मोखाड्याच्या पोरांना उभ्या उभ्या वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत.