क्राउन-पिनियनची गाडी

चार महिन्यांचा पाऊस, आणि दर पाचशे किलोमीटरला चेन धुवा, पुसा, तेल द्या. अठरा वर्षं हे केल्यावर मी जुनी मोटो गुझी व्ही-सेव्हन घेतली. हिला चेनच नाही. गिअरबॉक्समधून निघालेला शाफ्ट मागचं चाक फिरवतो: शाफ्टच्या टोकाचं छोटं दातेरी चाक, पिनियन, मागच्या चाकाला जोडलेल्या मोठ्या दातेरी चाकाला, क्राउनला, फिरवतं. दोन्ही मागच्या चाकाजवळच्या एका डब्यात असतात. कोपरी पुलावरून ती घरी आणताना वाटलं, एक कटकट कायमची संपली.

पण गाडी ओळखीची वाटेना. सिग्नलला उभ्या उभ्या थ्रॉटल पिळला की ती उजवीकडे झुके. ट्रॅफिकमध्ये थ्रॉटल सोडून पुन्हा दिला की मागून 'टक्' आवाज येई. खरी भीती वाटली ती माळशेज घाटात. वळणात समोर ट्रक आला, मी थ्रॉटल एकदम बंद केला आणि गाडी मागून खाली बसली. फूटरेस्ट रस्त्याला घासला.

शॉक गेला असं समजून कोपरीतल्या टेम्पो दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकाकांकडे गेलो.

"शॉक चांगलाय," काका म्हणाले. "पुढचं चाक भिंतीला टेकव. पहिला टाक आणि क्लच अगदी हळू सोड."

सोडला. गाडी पुढे जाऊ शकत नव्हती. माझ्याखालची सीट मात्र सावकाश वर उचलली गेली. क्लच दाबला, तशी खाली बसली.

"पिनियन क्राउनच्या दातांवर चढायला बघतं. चाक एका अंगाला फिरतं, डबा उलट्या अंगाला. डबा स्विंगआर्मला पक्का, म्हणून गाडी वर येते. थ्रॉटल सोडलास की उलटं."

घाटातलं कोडं तिथेच सुटलं. मी वळणात थ्रॉटल बंद करून स्वतःच गाडी खाली बसवली होती, तीही झुकलेली असताना. 'टक्' आवाज दातांमधल्या आणि शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसमधल्या फटीचा. उजवीकडचं झुकणं शाफ्टमुळे नव्हेच. या इंजिनाचा क्रँक गाडीच्या लांबीत बसवलेला आहे, त्याच्या फिरण्याचा तो झटका.

बीएमडब्ल्यूची पहिली मोटरसायकल, १९२३ ची आर-३२, शाफ्टचीच होती. गाडीचं हे मागून उचललं जाणं आवरायला त्यांनी १९८७ मध्ये जीएस गाड्यांना जादा सांधा आणि आधाराचा दांडा दिला. माझ्या गाडीत तो नाही, म्हणून ते काम माझ्या उजव्या हाताचं. आता वेग वळणाआधी कमी करतो आणि वळणभर थ्रॉटल किंचित उघडा ठेवतो. गिअर खाली टाकताना थोडी रेस देऊन क्लच हलकेच सोडतो, नाहीतर मागचं चाक क्षणभर अडतं.

देखभालही आहेच. मागच्या डब्यात दोनशे मिलीलिटरहून कमी तेल असतं. पहिल्यांदा ते काढलं तेव्हा तेल काढायच्या बोल्टच्या चुंबकावर शाईसारखा काळा, मऊ लेप होता. काकांनी तो बोटांत चोळला. "बारीक आहे, ही रोजची झीज. टोचणारा कण लागला तर चालवू नकोस."

शाफ्टची जुनी गाडी घेणार असाल तर एवढं करा: पैसे देण्याआधी तो बोल्ट उघडायला लावा आणि लेप स्वतःच्या बोटांत चोळून बघा. आणि घाटात जाण्याआधी एकदा तिचं पुढचं चाक भिंतीला लावा.