जर रंगविताना

श्रीमंतांच्या तसबिरी रंगविणाऱ्या आम्हा चित्रकारांवर एक जुना आक्षेप आहे. तो असा की, वस्त्रालंकारांची मोजदाद करता करता माणूस आमच्या हातून निसटतो. फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात ब्राँझिनोने सुमारे १५४५ साली रंगविलेले डचेस एलेओनोरा आणि तिचा पुत्र जोव्हान्नी यांचे जे चित्र आहे, त्यावर हा आक्षेप वारंवार घेतला जातो, आणि मला तो मुळीच मान्य नाही.

नेपल्सच्या स्पॅनिश सुभेदाराची ही कन्या १५३९ साली फ्लॉरेन्सचा ड्यूक कोसिमो द मेदिची याची पत्नी झाली. अकरा अपत्यांची ही माता पती बाहेरगावी असता राज्याचा कारभार पाही, आणि पिट्टी राजवाडा खरेदी झाला तो तिच्याच द्रव्याने. अशा स्त्रीची तसबीर हा दौलतीचा दस्तऐवजच असतो, आणि त्यात पोशाखाला अग्रमान मिळणे क्रमप्राप्तच होते.

पण तो पोशाख रंगविला कसा, ते पाहावे! शुभ्र रेशमावर काळ्या मखमलीची वेलबुट्टी, आणि छातीच्या मध्यभागी सोनेरी डाळिंबाची भरघोस आकृती. पैठणीचे पदर रंगवून ज्याची बोटे शिणली आहेत त्याला ठाऊक असते की, जर ही सर्वत्र पिवळी नसतेच. सावलीत ती तपकिरी, कोठे हिरवट करडी, आणि प्रकाश जेथे नेमका आदळतो तेवढ्याच ठिपक्यापुरती सोन्याची. नवशिका पिवळ्या रंगाची खैरात करतो आणि त्याच्या हाती हळद लागते. ब्राँझिनो गडद छटेपासून वर चढत जातो, आणि अखेरचे तेजस्वी ठिपके इतक्या काटकसरीने ठेवतो की, कापडावर उठून आलेल्या जरतारी फासांचा खरखरीतपणा बोटांना जाणवावा. भारी वस्त्राचा ताठपणा ओळखून चुण्याही त्याने मोजक्याच घेतल्या आहेत, त्यामुळे नक्षी कोठे मोडत नाही.

पार्श्वभूमीची गहिरी निळाई डचेसच्या मस्तकाभोवती किंचित उजळते. पुत्राचा पोशाख मातेच्या मानाने साधा. त्यामुळे त्या किनखाबावरून सरकणारी दृष्टी त्याच्या गुबगुबीत गालांवर येऊन विसावते. आणि त्याच्या खांद्यावर मातेचा उजवा हात आहे. चेहऱ्यावर तिने दरबारी संयम राखला आहे. हाताने मात्र पुत्राला आपल्या कक्षेत घेतले आहे. जो माणूस हरवल्याची तक्रार होते, तो मला या हातात सापडतो.

जोव्हान्नी सोळाव्या वर्षी कार्डिनल झाला, आणि १५६२ साली माता, तो व त्याचा भाऊ गार्झिया हे तिघेही हिवतापाने काही आठवड्यांच्या अंतराने निवर्तले. एलेओनोराचे दफन याच पोशाखात झाले असा समज दीर्घकाळ होता; थडग्यातील वस्त्रांची तज्ज्ञांनी तपासणी केल्यावर तो पोशाख निराळाच निघाला. या मृत्यूंची हकीकत कळली की प्रेक्षक डचेसच्या डोळ्यांत भावी मृत्यूची छाया शोधू लागतात. मला ते चित्रकारावर अन्यायकारक वाटते. १५४५ साली ब्राँझिनोसमोर होते एक सुदृढ मूल आणि त्याचा अभिमान बाळगणारी, ऐन तारुण्यातली राज्यकर्ती स्त्री. त्याने तेवढेच रंगविले. म्हणून या चित्राची नक्कल करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला मी सांगतो की, डाळिंब राहू दे, आधी खांद्यावरचा हात काढ. त्या बोटांचा भार बरोबर उतरला, तरच जरीला हात घाल.