मिठातला बांगडा

मे सरत आला की मालवणच्या बाजारात सुक्याच्या टोपल्यांपुढे गर्दी वाढते. खारे बांगडे, पेडवे, गोलमो, सोडे, मोरीच्या वाळक्या पट्ट्या. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. त्यात मिरगाचा पाऊस लागला की लहान होड्याही किनाऱ्यावर ओढल्या जातात. म्हणून ही आगोटची बेगमी. पण खाऱ्याला नुसती अडीनडीची सोय म्हणणं मला पटत नाही. ऐन हिवाळ्यात, रापणीचा ताजा बांगडा दारात आलेला असतानाही ज्यांना खाऱ्याची तलफ येते, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

उत्तरेकडे वसई-पालघरच्या किनाऱ्यावर बोंबील जबड्यात जबडा अडकवून बांबूंवर टांगतात. मिठाशिवायच तो वाळून काडी होतो. बांगड्याचं तसं नाही. अंगाने जाड आणि तेलकट. त्याला नुसतं ऊन दाखवलं, तर वाळण्याआधी नासायचा. म्हणून तो चिरून उघडायचा, आतडी-कल्ले काढायचे, धुवायचा आणि जाडं मीठ चोळून पिंपात थरावर थर लावायचे. मीठ मांसातलं पाणी ओढून घेतं, आणि त्या सुटलेल्या खाऱ्या पाण्यातच बांगडे मुरत पडतात. ऊन नंतरचं.

मीठही लांबून आणायला नको होतं. शिरोड्याची मिठागरं जवळच. 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला तो तिथेच, वि. स. खांडेकर त्या गावात शिक्षक होते त्या काळात. मिठावरच्या कराची झळ कोळणीच्या पिंपालाही लागत होती. मासे खारवण्यासाठी स्वस्त मीठ देणारी आवारं खुद्द इंग्रज सरकारलाच या किनारपट्टीवर चालवावी लागली.

तेरेखोलची खाडी ओलांडली की हीच विद्या डुकराच्या मांसाला लागू होते: मीठ, लाल मिरची, माडाचं व्हिनेगर, ऊन आणि धूर. गोव्याच्या ख्रिस्ती घरांतलं ते चोरीस, पोर्तुगिजांच्या वळणाचं. आणखी दूर, इटलीत आल्प्सच्या वाल्तेल्लीना खोऱ्यात गोमांसाचा मांडीचा तुकडा मिठात मुरवून वाळवतात, तो ब्रेसाओला. पार्माच्या प्रोश्युत्तोला तर डुकराची तंगडी, मीठ, हवा आणि धीर एवढंच लागतं. या दोन्ही नावांना 1996 पासून युरोपीय संघाचं संरक्षण आहे आणि कागदासारखे पातळ काप करून ते पाहुण्यांपुढे मांडतात. आपण हापूस, कोकम, वेंगुर्ल्याचा काजू यांना भौगोलिक मानांकन मिळवलं, ते चांगलंच झालं. खारा बांगडा मात्र मुंबईच्या एसटीत पिशवीत पिशवी घालून, चोरून नेल्यासारखा जातो. शेजारच्या सीटवरच्याला वास येऊ नये! खरं तर निम्म्या गाडीच्या सामानात तोच असतो.

निखाऱ्यावर भाजलेला बांगडा आणि उकड्या तांदळाची गरम पेज, यात पातळ काप करण्याचा प्रश्नच येत नाही. बोटांनी तोडायचा, चिमूटभर तोंडात टाकायचा, वर पेजेचा भुरका. पेजेत मीठ घालायचं नाही, तेवढं बांगडा बघून घेतो.

विकत घेताना उलटून पाहावा. हाताला कडक लागला पाहिजे. दमट, चिकट नको. अंगावर गुलाबी झाक दिसली तर सोडून द्यावा, कारण मिठालाही न जुमानणारे जिवाणू असतात आणि तो रंग त्यांचा. आणि पहिला सांगितलेला भाव कोणी देत नाही, तो देऊ नये.