वडे तळले की विकेट पडते

क्रिकेटची मॅच माणूस डोळ्यांनी बघतो, असा एक गैरसमज आहे. मॅच तोंडानं बघतात. खोटं वाटत असेल तर अंतिम सामन्याच्या दिवशी कुणाच्याही घरी जा आणि टीव्हीकडे पाठ करून बसा. गोलंदाज धावत निघाला की सगळे जबडे थांबतात, चेंडू निर्धाव गेला की एकदम सुरू होतात. नुसत्या चावण्याच्या आवाजावरून सामन्याचा रंग सांगणारे एक निवृत्त मास्तर आमच्यात आहेत.

आमच्यात म्हणजे ठाण्याला, नौपाड्यात अण्णांच्या घरी जमणाऱ्या मंडळींत. ही जमवाजमव 25 जून 1983 पासूनची. टीव्ही अण्णांचा, कृष्णधवल, लाकडी पेटीतला. भारताचा डाव 183 धावांत आटोपला तेव्हा निम्मी मंडळी घरी गेली. पुढे रिचर्ड्स सुटला तेव्हा उरलेली चपला शोधू लागली. आलेली माणसं रिकाम्या पोटी जाऊ नयेत म्हणून वहिनींनी कढई चढवली. बटाटेवड्यांचा पहिला घाणा तेलात पडला, आणि तिकडे मदनलालच्या चेंडूवर कपिल देवनं मागे धावत जाऊन रिचर्ड्सचा झेल घेतला! वेस्ट इंडीज 140 वर गारद. सामनावीर म्हणून मोहिंदर अमरनाथचं नाव पुकारलं गेलं. पुकारणाऱ्यांना वहिनींच्या कढईची हकिकत ठाऊक नव्हती, त्यांचा तरी काय दोष?

तेव्हापासून आमचा सिद्धान्त ठरला : वडे तळले की विकेट पडते. 2 एप्रिल 2011 ला वानखेडेवर धोनीनं तो षटकार मारला तेव्हाही वडे होतेच. फलंदाजी आपली चालू असताना वडे तळले तर विकेट कुणाची पडायची, अशी शंका एका कॉलेजकुमारानं काढली होती. पुढल्या सामन्याला त्याला बोलावलं नाही.

मग 2023 च्या पावसाळ्यात अण्णांच्या छातीत दुखलं. दोन स्टेंट टाकावे लागले. अण्णा घरी आले ते आठ किलो हलके होऊन आणि तळलेलं बंद अशी शपथ घेऊन. शपथ वहिनींनी घातली होती, अण्णांनी नुसती मान हलवली होती. विश्वचषकाचा अंतिम सामना जवळ आला तसा मला वहिनींचा फोन.

"भाऊजी, मॅचला खायला काय ते या खेपेला तुम्ही आणा. मी वडे केले तर हे खाणार, आणि मी नाही म्हटलं तर बाहेरून मागवणार. तुमचं ऐकतात."

माझं अण्णांनी आजवर एकदाच ऐकलं होतं, तेही भलत्या कंपनीचे शेअर घेताना. पण हे वहिनींना कसं सांगणार?

मी कामाला लागलो. प्रथम 'डाएट चिवडा' आणला. पाकिटावरचा तेलाचा आकडा वाचायला भिंग लागलं, आणि वाचल्यावर त्याला 'डाएट' का म्हणायचं ते कळेना. भट्टीत भाजलेली चकली आणली. ती खाल्लेली दातांना कळते, जिभेला कळत नाही. मखाणे आमच्या सौभाग्यवतींनी तुपावर छान परतले होते, पण तोंडात टाकल्यावर आपण काही खाल्लं की नुसता विचार केला, असं वाटतं. ज्वारीच्या लाह्या उत्तम. पंखा बंद ठेवायची तयारी हवी. मटकीची भेळ सगळ्यांत चविष्ट झाली होती, पण तिला चमचा लागतो. चमचा म्हटला की खाली बघणं आलं, आणि आपण खाली बघितलं की नेमकी आपली विकेट जाते. मॅचचं खाणं आंधळ्यानं खाता आलं पाहिजे. ही गोष्ट पौष्टिक आहार सांगणाऱ्या पंडितांच्या ध्यानातच येत नाही.

शेवटी 19 नोव्हेंबर 2023 ला मी दोन किलो गाजरं आणि काकड्या उभ्या चिरून, सोबत लसणाची दह्यातली चटणी घेऊन गेलो.

त्या दिवशी अहमदाबादला राहुलनं 107 चेंडूंत 66 धावा केल्या, त्यात चौकार एकच. तेवढा वेळ नौपाड्यात सातजण गाजर चावत होते. "पांजरपोळात बसल्यासारखं वाटतंय," मास्तर म्हणाले. अण्णा काहीच बोलले नाहीत. भारताच्या 240 झाल्या, मध्यंतर झालं. अण्णा म्हणाले, "गोळ्या संपल्यात, घेऊन येतो." थोड्या वेळानं मीही पाय मोकळे करायला खाली उतरलो. माझे पाय नेहमी कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीशीच मोकळे होतात. तिथे रांगेत माझ्या पुढे अण्णा उभे!

"तू मला बघितलं नाहीस," अण्णा म्हणाले.

"आणि तुम्ही मला," मी म्हणालो.

वडा गरम होता, लसणाची चटणी झणझणीत होती. अण्णांनी आणखी एक मागितला. त्या दुसऱ्या वड्याचे पैसे मी दिले.

पुढे हेडनं 137 ठोकल्या आणि ऑस्ट्रेलिया सहा गडी राखून जिंकली. मंडळींनी खापर गाजरांवर फोडलं. "आयुष्यभर गाजर दाखवणारे पुष्कळ भेटले," अण्णा म्हणाले, "प्रत्यक्ष खायला घालणारा तूच पहिला." सगळे हसले, मीही हसलो. पण वर येताना अण्णा जिन्यात मधेच कठड्याला धरून थांबले होते. मी विचारलं, "दम लागला का?" तर म्हणाले, "छे, षटकं मोजतोय." रात्रभर मला तो कठड्यावरचा हात दिसत होता. पराभवाच्या दुःखानं झोप नाही लागली, असं मी घरी सांगितलं.

विचार करता करता एक गोष्ट लक्षात आली. अण्णांना भूक नव्हतीच; पाव किलो गाजर पोटात होतं. अस्वस्थ झाला होता तो हात. त्याला चाळा हवा होता. वडा काय, गाजर काय, सगळा तयार माल, हातातून थेट तोंडात. हाताला मजुरी देईल असं खाणं कुठलं?

शेंगा! भुईमुगाच्या, सालासकट. रात्रभर भिजत घालायच्या, किंचित मीठ-हळद टाकून कुकरला उकडायच्या. वहिनींनी बरोबर हरकत घेतली, "भाऊजी, दाण्यात निम्मं तेलच की!" म्हणून डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मूठभर चालतील, मीठ बेतानं. आता सोललेले दाणे मूठभर म्हणजे एका षटकाचं काम. शेंगा मात्र एकेक फोडायची, दोन-तीन दाणे काढायचे, साल बाजूला ठेवायची. मूठ डावभर पुरते. शिवाय नजर टीव्हीवरून हलवावी लागत नाही.

29 जून 2024. ब्रिजटाऊनला दक्षिण आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 धावा हव्या, हातात सहा गडी. "वडे तळा हो कुणीतरी!" मास्तर कळवळले. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी अण्णांकडे. अण्णा एकच शेंग दोन्ही हातांत धरून बसले होते, फोडायची विसरून. शेवटच्या षटकात मिलरनं चेंडू उचलला, सूर्यकुमारनं सीमारेषेवर तो आत उडवला, स्वतः बाहेर जाऊन परत आला आणि झेल घेतला. अण्णांच्या हातातली शेंग फुटली. खोलीभर टरफलांचा पाऊस पडला. सात धावांनी जिंकलो.

आता टरफलं उचलायची कुणी? लोकमान्यांची गोष्ट शाळेत प्रत्येकानं पाठ केलेली, त्यामुळे प्रत्येकाचं म्हणणं, शेंगा मी खाल्ल्याच नाहीत. अण्णा वाकू लागले, तेव्हा त्यांना खाली बसवून मीच केरसुणी घेतली.

आठवड्यानं वहिनींचा फोन आला. "भाऊजी, सोफ्याखाली अजून टरफलं सापडतायत."

मागून अण्णांचा आवाज आला, "काढू नकोस ती! पुढच्या वर्ल्ड कपपर्यंत राहू देत."