हिवाळ्यात कार्पसाठी आमिष

कार्प कुळातल्या माशांना जठर नसते. घशातल्या दातांनी भरडलेले अन्न थेट आतड्यात उतरते आणि आम्लाविना, केवळ पाचकरसांच्या बळावर पचते. मासा शीतरक्ताचा असल्याने त्या रसांचा वेग पाण्याच्या तापमानावर ठरतो. पाणी 10 अंश सेल्सिअसने उतरले की शरीराचे व्यवहार साधारण निम्म्यावर येतात. भूक घटते आणि खाल्लेले आतड्यात जास्त वेळ पडून राहते. थंडीत आमिष थोडे हवे आणि चटकन पचणारे हवे, ते एवढ्यासाठीच.

किती थोडे, हे मात्र पाणी कोणते यावर ठरते. कार्पच्या गळमासेमारीवरचे बरेचसे साहित्य इंग्लंडमधून आलेले आहे. तिथल्या तळ्यांचे पाणी जानेवारीत 4 ते 7 अंशांपर्यंत उतरते, मासा तळाशी जवळजवळ स्वस्थ पडून असतो आणि दिवसभरात एखादाच घास घेतो. म्हणून तिथला जाणकार गळाला दोन-चार जिवंत अळ्या किंवा एकच भडक रंगाची गोळी लावतो आणि पाण्यात चारा जवळजवळ टाकतच नाही. उजनी किंवा जायकवाडीच्या काठावर हा सल्ला जसाच्या तसा पाळणे म्हणजे उगाच उपास घडवणे होय. दख्खनच्या धरणांत ऐन डिसेंबरातही वरच्या थरातले पाणी सहसा 20 अंशांच्या आसपास असते. इंग्लंडमध्ये एवढे तापमान उन्हाळ्यातले मानतात.

तरीही इथल्या गळाला थंडीत मासा कमी लागतो, ही तक्रार खरी आहे. कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे 25 ते 32 अंशांच्या पाण्यात खुशीत असतात. 20 अंशांचे पाणी त्यांच्या लेखी थंडच. सायप्रिनसचे तसे नाही. थंड प्रदेशातला हा मासा 1939 मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आणला गेला आणि 1957 मध्ये त्याची बँकॉककडची जात कटकला आली. पुढे तो देशभरच्या तलावांत पसरला. 20 अंशांना तो पोटभर खातो. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत आमिष निवडण्याआधी मासा निवडावा, आणि निवड हाती असेल तर तो सायप्रिनस असावा.

आमिषाचा पाया पिठाचा. कच्च्या कणकेचा गोळा बाराही महिने वापरला जातो, पण कच्चा स्टार्च पचायला जड. शिजवल्यावर तो फुगतो, फुटतो आणि माशाच्या पाचकरसांना लगेच सापडतो. या कामाला मोदकाच्या पारीसाठी काढतात ती तांदळाची उकड फार चांगली. उकळत्या पाण्यात चिमूटभर मीठ आणि थोडी हळद टाकून पीठ वैरायचे, झाकण ठेवून वाफ आणायची आणि कोमट असतानाच मळायचे. नुसती उकड गळावर टिकत नाही, म्हणून मळताना तिच्यात चौथा हिस्सा कणीक घालावी. गव्हाच्या चिकटपणाने गोळी धरून राहते. हळद रंगापुरती. पावसाळ्यातला गाळ खाली बसल्याने हिवाळ्यात पाणी निवळलेले असते आणि कार्पला रंग दिसतात, त्यामुळे पिवळी गोळी दुरूनही नजरेत भरते.

सर्वांत जास्त चूक होते ती तेलात. खोबरेल तेल 24 अंशांच्या खाली गोठते, हे थंडीत बाटली उन्हात ठेवणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. तेच तेल किंवा तूप गोळीत असेल तर 20 अंशांच्या पाण्यात ते मेणासारखे घट्ट होऊन आतला वास आतच कोंडते. इतर तेले या तापमानाला गोठत नाहीत, पण दाट होतात. आणि मुळात तेल पाण्यात विरघळत नाही. ते सुटले तरी वर जाते, मासा मात्र खाली असतो. शेंगदाण्याची पेंड वर्ज्य नाही, पण घाण्याच्या पेंडेत बरेच तेल राहिलेले असते. ती कोमट पाण्यात रात्रभर भिजवून, वरचा तवंग ओतून देऊन आणि पिळून वापरावी. वासासाठीही पाण्यात विरघळणारेच पदार्थ निवडावेत: गूळ, बडीशेपेचा काढा, तेलाच्या आधारावर न बनवलेला इसेन्स. थोडे आंबवलेले पीठ याहून सरस ठरते. आंबताना प्रथिने अंशतः तुटून अमिनो आम्ले मोकळी होतात, आणि कार्पच्या मिशांवरच्या व ओठांवरच्या स्वादकलिका नेमकी तीच टिपतात. थंडीत पीठ एका रात्रीत आंबत नाही, दोन दिवस धरावेत.

आमिष जमले की नाही, ते घरीच पाहता येते. काचेच्या ग्लासात गार पाणी घेऊन त्यात गोळी सोडावी. अर्ध्या तासात तिच्या कडा सैल होऊन तळाशी पांढुरके धुके पसरले तर आमिष काम करते आहे. वर तवंग आणि खाली जशीच्या तशी टणक गोळी असेल तर ती माशाच्या पुढ्यात पडूनही गप्पच राहील.

जिवंत आमिषात गांडूळ थंडीतही हुकमी. ते हलते, त्यातली प्रथिने सहज पचतात आणि कापलेल्या तुकड्यातून रस पाण्यात सुटत राहतो. उकडलेल्या मक्याचा दाणाही सोपा आणि खात्रीचा. 1980 मध्ये इंग्लंडच्या रेडमायर तळ्यात ख्रिस येट्स यांनी पकडलेला 51 पौंडांहून मोठा कार्प मक्यालाच लागला होता. तो जूनमधला, पण दाण्याची ताकद त्यातून कळते.

आकाराचा नियम साधा: पावसाळ्यात बोराएवढी असते ती गोळी हिवाळ्यात हरभऱ्याएवढी करावी आणि गळही त्या मापाने लहान घ्यावा. थंड पाण्यात मासा आमिष ओढत नाही, ओठांनी चाचपून सोडतो. तरंगा बुडण्याची वाट पाहणारा हात रिकामाच राहतो. तो नुसता हलला किंवा आडवा सरकला तरी तंगूस ताणावा. चारा उन्हाळ्याच्या चौथाईवर आणावा आणि तो बारीक भुग्याचा असावा, म्हणजे मासा जमतो पण त्याचे पोट भरत नाही.

कटल्याची गोष्ट वेगळी आहे. त्याचे तोंड वर वळलेले असते आणि तो पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. त्याच्यासाठी भाताचा बारीक कोंडा आणि सत्तू यांचा भुसभुशीत गोळा करून त्याभोवती छोटे गळ खोचतात. गोळा विरघळताना पसरणारे धुके कटला तोंडात ओढतो आणि त्यासोबत गळही. थंडीत हा गोळा आणखी सैल बांधावा.

वेळ दुपारची. पहाटेचे पाणी सर्वांत गार असते. दुपारी एकपासून सूर्यास्तापर्यंत उथळ, ऊन लागणाऱ्या कडेला मासा येतो. उरलेले आमिष पाण्यात न लोटता घरी परत न्यावे, कारण थंडीत ते खाल्ले जात नाही, तळाशी कुजते. आणि बहुतेक धरणांतला मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने दिलेला असतो. गळ टाकण्याआधी त्यांची परवानगी घ्यावी.