तिसरी तार

निवृत्तीला चार वर्षें उरलीं असतां आम्हांस फिरत्या घराचें वेड लागलें. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरण आणलें. ती बातमी वाचल्यापासून बोरच्या अरण्याकांठीं मुक्कामाचीं स्वप्नें आम्हांस पडूं लागलीं होतीं. एक जुना टेंपो घेतला, आंत दोन बांक, पंखा नि लहानसा फ्रिज बसविला, आणि पुस्तकें वाचून विजेची जोडणी स्वहस्तें केली. सेलूच्या वडिलोपार्जित घराच्या सॉकेटांत केबल खोंवतांच दिवे लागले. आम्ही धन्य झालों!

आषाढांतल्या एका सकाळीं सौभाग्यवती चिखलांतून अनवाणी गाडीपाशीं गेल्या आणि दाराची मूठ धरतांच मागें सरल्या. “अहो, हाताला मुंग्या आल्या!” पावसाळी हवेचा हा परिणाम असावा, असें आम्हीं विद्वत्तापूर्वक सांगितलें. तेवढ्यांत नातू गाडीकडे धांवला आणि आमची विद्वत्ता पार गळाली. धांवत घरांत जाऊन आम्हीं बटण बंद केलें.

वायरमन आला तो आमचाच जुना विद्यार्थी. इंग्रजींत त्याला आम्हीं दोनदां नापास केलें होतें. त्यानें टेस्ट लॅम्प लावला. पहिल्या दोन भोंकांत दिवा लागला. फेज आणि तिसरें भोंक यांत मात्र अंधार. “सर, तिसऱ्या भोकात वायरच नाही जी.”

मग त्यानें आम्हांस शिकविलें. गाडी रबरी चाकांवर उभी. तिच्या पत्र्याचा जमिनीशीं संबंध नाहीं. आंत कोठें वीज झिरपली, तर २३० व्होल्टांना जमिनीकडे जाण्यास वाट उरते ती दाराला हात लावणाऱ्या माणसाची. अर्थिंग असेल तर वीज त्या तारेनें जाते. एमसीबी तारेला जपतो, माणसाला नव्हे. माणसासाठीं ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. गेलेली नि परतलेली वीज यांत तेवढा फरक पडला कीं तो पुरवठा तोडतो. पण अर्थिंग नसेल तर हा फरक त्याला कळतो तो माणसाच्या अंगांतून वीज वाहूं लागल्यावरच!

अंगणांत खड्डा खणून त्यानें अर्थिंग केलें, गाडीचा पत्रा त्या तारेशीं जोडला, आरसीसीबी बसविला. धक्क्यांनीं तुटूं नये म्हणून आमची एकेरी जाड तार काढून अनेक पदरांची लवचीक तार घातली. केबलचें वेटोळें तापतें, तें पूर्ण उलगडावें. केबल आधीं गाडीला, मग घराला जोडावी, आणि काढतांना उलट क्रम ठेवावा, हेंही बजावलें. पैसे देतांना आमची मान कांहींशी खालीं होती. त्यानें मात्र वांकून नमस्कार केला.

आतां कोठेंही मुक्काम पडला कीं सौभाग्यवती आधीं विचारतात, “तिसरी पाहिलीत का?” आम्ही निमूटपणें टेस्ट लॅम्प काढतों. तो लागेपर्यंत नातवाचा हात त्यांच्या मुठींत असतो.